एकच बर्थ दोघांना विकला जाऊ नये म्हणून: ॲलॉयने डोमेन मॉडेल कसं तपासायचं

फॉर्मल मेथड्स, म्हणजे सॉफ्टवेअरचं डिझाइन गणिताच्या भाषेत लिहून तपासायच्या पद्धती, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर येतात ते फळाभर लिहिलेले उलटे ए, उलटे ई आणि परीक्षेपुरता पाठ केलेला एक ऑप्शनल सब्जेक्ट. मग नोकरीला लागल्यावर कोणी विषय काढला तर उत्तर ठरलेलं, हे सगळं विमानवाल्यांना आणि मेट्रोवाल्यांना, आपण आपले फॉर्म आणि रिपोर्ट बनवतो. तसं हे अगदी खोटं पण नाही. पॅरिस मेट्रोची 14 नंबरची लाइन 1998 मध्ये सुरू झाली, ड्रायव्हर नसलेली, आणि तिच्या सेफ्टीचा भाग झां-रेमों आब्रियाल यांच्या बी मेथडने लिहून गणिताने सिद्ध केला होता, त्यात बी भाषेतल्याच 1 लाखाहून जास्त ओळी होत्या. एवढं करायला वेळ, पैसा आणि पेशन्स कोणाकडे आहे, हा प्रश्न रास्त आहे.

पण सिद्ध करणं हा या विषयाचा एक टोकाचा भाग झाला. मला जे सांगायचंय ते बरंच स्वस्त आणि हलकं आहे, कोड लिहायच्या आधी, डोमेन समजून घेताना दीड-दोन पानांचं मॉडेल लिहायचं आणि टूलला म्हणायचं की यात खोट काढून दाखव. त्यातून सिस्टिम बरोबर आहे याचं सर्टिफिकेट वगैरे मिळत नाही. मिळतात ते प्रश्न, आणि ते पण असे की जे मीटिंगमध्ये कोणाच्या डोक्यात आले नसते आणि प्रॉडक्शनमध्ये गेल्यावर कस्टमरने विचारले असते.

डोमेन मॉडेल म्हणजे काय हे आधी पटकन. तुमचं सॉफ्टवेअर ज्या धंद्यासाठी आहे त्या धंद्यात कुठल्या गोष्टी आहेत, त्यांचे एकमेकांशी संबंध काय, आणि कुठले नियम कधीच मोडता कामा नयेत, एवढंच. आपण ते सहसा व्हाइटबोर्डवर चौकोन आणि बाण काढून करतो. चौकोनांचा प्रॉब्लेम असा की ते कधीच नाही म्हणत नाहीत, काहीही काढा, सगळे माना डोलावतात, फोटो काढून ग्रुपवर टाकतात आणि प्रत्येकजण आपापल्या डोक्यात वेगळं मॉडेल घेऊन जागेवर जातो.

उदाहरणाला रेल्वे रिझर्व्हेशन घेऊ, कारण तिकीट सगळ्यांनीच काढलेलं असतं. आधीच सांगतो, रेल्वेची खरी सिस्टिम आतून कशी आहे याच्याशी पुढच्या मजकुराचा संबंध नाही, आपण आपलं स्वतःचं छोटं मॉडेल करतोय. गाडी घेऊ सिद्धेश्वर एक्सप्रेस, मुंबई ते सोलापूर, रात्री साडेदहाच्या पुढे सुटते, मध्यरात्र उलटल्यावर पुण्यात येते आणि सकाळी सोलापूर. स्टेशनं फक्त चार ठेवू, मुंबई, कल्याण, पुणे, सोलापूर. बाकीची लागत नाहीत, का ते पुढे येईल.

पहिला नियम कोणीही सांगेल, एक बर्थ एकाच माणसाला. व्हाइटबोर्डवर हा नियम लिहिला की विषय संपला. आता हाच नियम ॲलॉयमध्ये लिहायला बसा. ॲलॉय ही एमआयटीच्या डॅनियल जॅक्सन यांच्या ग्रुपने बनवलेली मॉडेलिंगची भाषा, फुकट आहे, डाउनलोड करून डबल क्लिक केलं की चालते. त्यात आधी गोष्टी सांगायच्या, प्रवासी, बर्थ, गाडी, स्टेशन, बुकिंग. मग नाती सांगायची, प्रत्येक बुकिंगला एक प्रवासी, एक बर्थ, एक तारीख, एक चढायचं स्टेशन, एक उतरायचं स्टेशन. आणि मग नियम. आता एक बर्थ एकाला म्हणजे नक्की काय? कायमचा? तसं झालं तर तो बर्थ आयुष्यात एकदाच विकला जाईल. मग त्या तारखेला. बरं, पण मुंबईहून बसलेला पुण्याला उतरला तर पुढे सोलापूरपर्यंत तो बर्थ रिकामा न्यायचा का, तर नाही, तो पुण्याच्या माणसाला देता आला पाहिजे. म्हणजे नियम असा झाला की बर्थ तोच आणि तारीख तीच असेल तर दोन बुकिंगचे प्रवास एकमेकांवर चढता कामा नयेत.

एकमेकांवर चढणं म्हणजे काय हे पण टूलला सांगावं लागतं, त्याला आपोआप काही कळत नाही. बहुतेक लोक पहिल्या झटक्यात बुकिंगमध्ये स्टेशनांचा सेट ठेवतात, मुंबई-कल्याण-पुणे असा, आणि नियम लिहितात की दोन सेटमध्ये एकही स्टेशन कॉमन नको. वाचायला अगदी बरोबर वाटतं. आता ॲलॉयमध्ये रन नावाची कमांड आहे, तिला सांगायचं की मला अशी एक परिस्थिती काढून दाखव ज्यात एकाच बर्थवर एकजण मुंबई ते पुणे आणि दुसरा पुणे ते सोलापूर असा जातोय. उत्तर येतं, अशी परिस्थिती सापडली नाही. कारण पुणे दोघांच्या सेटमध्ये आहे! म्हणजे आपण जो फायदा मिळवायला एवढा खटाटोप केला तोच आपल्या नियमाने बंद करून टाकला. सिस्टिम बाहेर पडली असती तर कुठे एरर आली नसती, कोणाचं भांडण झालं नसतं, फक्त बर्थ रिकामे गेले असते आणि कित्येक महिने कोणाला कळलं पण नसतं. माझ्या मते असल्या चुका सगळ्यात महाग, कारण त्या आवाज करत नाहीत.

उपाय साधा आहे, स्टेशनं मोजायची नाहीत, दोन स्टेशनांमधले टप्पे मोजायचे. चार स्टेशनं म्हणजे तीन टप्पे. मुंबई-पुणे हे पहिले दोन टप्पे, पुणे-सोलापूर हा तिसरा, काही कॉमन नाही. रन परत मारा, आता चित्र येतं.

मग दुसरी कमांड, चेक. हिला आपण एक दावा द्यायचा आणि ती तो खोटा पाडायला बघते. गाडी पुण्यात पुढच्या तारखेला पोहोचते हे आधी मॉडेलमध्ये लिहा, मग दावा असा, गाडी चालत असताना कुठल्याही टप्प्यावर एका बर्थवर एकच माणूस असतो. चेक मारलं की सेकंदात ॲलॉय उलटं उदाहरण काढून देतं. एक बुकिंग 14 तारखेचं, मुंबई ते सोलापूर. दुसरं 15 तारखेचं, पुणे ते सोलापूर. बर्थ तोच. तारखा वेगळ्या म्हणून आपल्या नियमाला काही टक्कर दिसत नाही, पण गाडी एकच आहे, 14 ला रात्री मुंबईहून सुटलेली तीच 15 ला पहाटे पुण्यात उभी आहे, आणि एकाच बर्थपुढे दोन माणसं दोन वैध तिकिटं घेऊन उभी.

रात्रीच्या गाडीने जाणाऱ्याला हा तारखेचा घोळ नवीन नाही, मधल्या स्टेशनवरून चढणारे चुकीच्या तारखेचं तिकीट काढून बसतात ते याच्यामुळेच. पण मॉडेलमध्ये बघा काय निघालं, तारीख नावाच्या एका शब्दाखाली दोन गोष्टी लपल्या होत्या. प्रवाशाची तारीख, म्हणजे तो ज्या दिवशी आपल्या स्टेशनवर चढतो ती, आणि गाडीची तारीख, म्हणजे ती आपल्या पहिल्या स्टेशनवरून ज्या दिवशी निघाली ती. बर्थची टक्कर ठरवायला दुसरी लागते. मग मॉडेलमध्ये एक नवीन गोष्ट आणावी लागते, तिला आपण फेरी म्हणू, सिद्धेश्वरची 14 तारखेची फेरी. बुकिंग फेरीला जोडायचं, तारखेला नाही, प्रवाशाला दिसणारी तारीख फेरी आणि स्टेशन यावरून काढायची. हा एक बदल डेटाबेस डिझाइन करायच्या आधी कळला तर दहा मिनिटांचं काम. टेबलं भरल्यावर कळला तर मायग्रेशन, जुना डेटा, दोन रविवार आणि मॅनेजरचा चेहरा.

इथे कोणीतरी म्हणणारच की हे टेस्टिंगमध्ये सापडलं असतं. सापडलं असतं, जर कोणी तशी टेस्ट लिहिली असती तर. पण टेस्ट लिहिणाऱ्याच्या डोक्यात पण तारीख एकच होती ना, त्यामुळे तो 14-14 ची टेस्ट लिहिणार आणि 14-15 ची लिहिणार ती पण टक्कर होत नाही हे दाखवायला! ॲलॉय उदाहरणं निवडत नाही. तुम्ही म्हणाल तेवढ्या मर्यादेत, समजा तीन बुकिंग, चार स्टेशनं, दोन तारखा, जेवढी म्हणून कॉम्बिनेशन होतात तेवढी सगळी ते आत सॅट सॉल्व्हरकडे, म्हणजे हो-नाहीच्या अटी एकत्र जुळतात का ते शोधणाऱ्या प्रोग्रामकडे, देऊन तपासतं. मर्यादेच्या बाहेर काय होतं याची गॅरंटी देत नाही, पण यामागे एक अनुभवाचा अंदाज आहे की नियमात खोट असेल तर ती बहुतेक वेळा छोट्या उदाहरणातच दिसते, तिला 500 स्टेशनं लागत नाहीत. म्हणून चार स्टेशनांवर भागलं.

आता आरएसी. एक साइड लोअर बर्थ, दोन माणसं बसून जाणार. म्हणजे एक बर्थ एकाला हा आपला मूळ नियमच गेला. ठीक आहे, आरएसी बर्थला जास्तीत जास्त दोन बुकिंग, असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. परत रन मारा, तीन बुकिंगवाली परिस्थिती मागा, एक मुंबई-पुणे, एक पुणे-सोलापूर, एक पूर्ण मुंबई-सोलापूर. कुठल्याही क्षणी बर्थवर दोघंच आहेत, तरी आपला नियम याला परवानगी देत नाही. नियम बर्थवर नको, टप्प्यावर हवा, प्रत्येक टप्प्यावर जास्तीत जास्त दोघं.

अशाच दोन गोष्टी अजून, पटकन. एका पीएनआरवर सहाजण असू शकतात आणि त्यातले चार कन्फर्म, दोन वेटिंग असं होतं, त्यामुळे स्टेटस हा पीएनआरचा नसून प्रवाशाचा गुण आहे. आणि कन्फर्म प्रवासी म्हणजे बर्थवाला प्रवासी हे पण खरं नाही, 2016 पासून 5 ते 12 वर्षांच्या मुलाचं अर्ध तिकीट काढलं तर बर्थ मिळत नाही, तिकिटावर एनओएसबी असं येतं, पोरगं आईजवळ झोपतं. तिकीट आहे, नाव आहे, भाडं आहे, बर्थ नाही. प्रत्येक कन्फर्म प्रवाशाला बरोबर एक बर्थ असं लिहून बसलेलं मॉडेल इथे आडवं होतं.

पण हे लहान मुलाचं ॲलॉयला कळलं का? नाही, आणि हे नीट समजून घ्या कारण इथेच लोक फसतात. टूलला भारतीय रेल्वे माहीत नाही. तुम्ही मॉडेलमध्ये लहान मूल घातलंच नाहीत तर ते कधीच सांगणार नाही की राहिलं. ते फक्त तुम्ही जे लिहिलंय त्याचे सगळे परिणाम तुमच्यासमोर ठेवतं. मग ती चित्रं घेऊन काउंटरवर वीस वर्षं बसलेल्या माणसाकडे जायचं आणि विचारायचं, साहेब, असं होऊ शकतं का? तो बघतो आणि म्हणतो, हे तर होतंच, पण तुम्ही अर्ध्या तिकिटाचं कुठे धरलंय? त्याला नियम सांग म्हटलं तर तो चार नियम सांगेल, समोर एक विचित्र केस ठेवली की मग अपवाद बाहेर पडतात. माझा अनुभव तर असा की बिझनेस ॲनालिस्टने बनवलेल्या तीस पानी डॉक्युमेंटपेक्षा अशा तीन चित्रांवर जास्त बोलणं होतं. फक्त ती चित्रं ॲलॉयच्या विंडोमधली कच्ची दाखवू नका, गोल आणि बाणांचा गुंता असतो तो, साध्या वाक्यात गोष्टीसारखं लिहून न्या.

रेल्वे हे उदाहरण मी काही शोधून काढलेलं नाही बरं का. डेन्मार्कचे डिनेस ब्यॉर्नर हे कित्येक वर्षं हेच सांगत आले की सॉफ्टवेअरला काय हवंय हे लिहायच्या आधी डोमेन जसं आहे तसं, सॉफ्टवेअरचं नाव पण न घेता, फॉर्मल भाषेत लिहा, आणि त्यांचं आवडतं उदाहरण रेल्वेच. आपल्याकडे पण हा विषय अगदीच परका नाही, पुण्यातल्या टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात आणि आयआयटी मुंबईत यावर बरंच काम झालंय, पण ते रोजच्या प्रोजेक्टपर्यंत फारसं झिरपलं नाही.

आतापर्यंतचं सगळं एका जागी थांबलेलं चित्र होतं, कोण कुठे बसलंय. पण अर्धा डोमेन तर वेळेत घडतो. पैसे कटले आणि तिकीट आलं नाही, हे कोणाला सांगायला नको. यासाठी लेस्ली लॅम्पोर्ट यांची टीएलए प्लस ही भाषा जास्त सोयीची, लॅम्पोर्ट म्हणजे तेच ज्यांना 2013 चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालं. ॲलॉय 6 मध्ये पण आता काळाची भाषा आली आहे, त्यामुळे छोट्या मॉडेलला तेही चालेल.

इथे गोष्टींऐवजी पावलं लिहायची. बर्थ थोड्या वेळासाठी धरून ठेवला. प्रवासी पेमेंटच्या पानावर गेला. बँकेने पैसे कापले. वेळ संपली म्हणून बर्थ सोडला. बर्थ दुसऱ्याला गेला. आणि मग बँकेचा निरोप आला, पेमेंट सक्सेस. प्रत्येक पाऊल एकेकटं घेतलं तर बरोबरच आहे, कोडमध्ये कुठेही बग नाही, पण या क्रमाने पडली की वाट लागते. टीएलए प्लसचा टीएलसी नावाचा चेकर सगळे शक्य क्रम चालवून बघतो, त्यात बँकेचा निरोप उशिरा येणं, दोनदा येणं, कधीच न येणं हे सगळं, अर्थात तुम्ही बँक तशी वागू शकते असं लिहिलं असेल तर. बँक नेहमी वेळेवर आणि एकदाच बोलते असं लिहिलं असेल तर मॉडेल हिरवं आणि प्रॉडक्शन लाल.

इथे दोन प्रकारचे दावे करता येतात. एक, अमुक कधीच होणार नाही, उदाहरणार्थ एकाच बर्थचे पैसे दोघांकडून घेऊन दोघांना तिकीट. दुसरा, अमुक कधी ना कधी होईलच, उदाहरणार्थ पैसे कटले असतील तर शेवटी तिकीट नाहीतर रिफंड. दुसरा प्रकार लोक विसरतात. पहिला दावा काहीच न करणारी सिस्टिम पण पाळते, कोणालाच तिकीट दिलं नाही की कुठलाच नियम मोडत नाही, म्हणून दुसरा लागतो. आणि तो लिहायला गेलं की लगेच प्रश्न, निरोप कधीच आला नाही तर किती वेळाने आपण बँकेला स्वतःहून विचारायचं, आणि बँक म्हणाली पैसे कटलेत पण बर्थ गेलाय तर दुसरा बर्थ द्यायचा की पैसे परत? याचं उत्तर प्रोग्रामरने रात्री दोन वाजता इफ-एल्समध्ये ठरवायचं नसतं, पण ठरतं तिथेच.

हे फक्त पुस्तकी आहे असं वाटत असेल तर ॲमेझॉनचे लोक 2011 पासून टीएलए प्लस वापरतायत आणि 2015 मध्ये त्यांनी त्याबद्दल लिहिलं. त्यांच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसमध्ये एक बग मिळाला ज्यात डेटा जाऊ शकला असता, आणि तो दिसायला कमीत कमी 35 पावलांचा क्रम लागत होता. डिझाइन रिव्ह्यू झाले होते, कोड रिव्ह्यू झाले होते, टेस्ट झाल्या होत्या, माणसाच्या डोक्यात 35 पावलं मावत नाहीत इतकंच. ॲलॉयचं तसंच उदाहरण म्हणजे कॉर्ड, अनेक कॉम्प्युटरवर विखुरलेला डेटा शोधायचा 2001 चा एमआयटीवाल्यांचा गाजलेला प्रोटोकॉल, सगळीकडे शिकवला जाणारा. पामेला झेव्ह या संशोधक बाईंनी 2012 मध्ये त्याचं छोटं ॲलॉय मॉडेल केलं आणि दाखवलं की छापून आलेली एकही आवृत्ती तिचा दावा पूर्ण पाळत नाही.

पण म्हणून उद्यापासून सगळ्याचं मॉडेल करत सुटू नका. नाव-पत्ता-मोबाइल सेव्ह करायच्या स्क्रीनला याची काही गरज नाही, वेळ फुकट. जिथे मर्यादित गोष्ट अनेकांत वाटायची असते, जिथे परवानग्यांची उतरंड असते, जिथे नियम तारखेप्रमाणे बदलतात, जिथे पैसा दोन सिस्टिमच्या मध्ये लटकू शकतो, तिथे करा. आणि मॉडेल छोटं ठेवा, मोठं केलं की कॉम्बिनेशन इतकी वाढतात की लॅपटॉपचा पंखा ऐकत बसावं लागतं. मॉडेल आणि कोड यांचं नातं पण आपोआप टिकत नाही, सहा महिन्यांनी कोड पुढे गेलेला असतो आणि मॉडेल तिथेच, त्यामुळे मी तरी मॉडेलमधून निघालेले नियम शक्य तेवढे कोडमध्ये आणि डेटाबेसमध्ये ठोकून बसवायच्या मताचा आहे.

बर्थचंच बघा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट म्हणून प्रकार आहे. स्टेशनांना क्रमांक द्यायचे, बुकिंगमध्ये चढायच्या स्टेशनपासून उतरायच्या स्टेशनपर्यंतची रेंज ठेवायची, रेंजमध्ये सुरुवात धरायची आणि शेवट सोडायचा, म्हणजे पुण्याचा प्रश्न आपोआप सुटतो, आणि कन्स्ट्रेंट लावायचा की फेरी तीच, बर्थ तोच आणि रेंज एकमेकांवर येतायत असं दुसरं बुकिंग घ्यायचंच नाही. मग ॲप्लिकेशनमध्ये कोणी काही घोळ घातला तरी डेटाबेस दारातच अडवतो.

साध्या बर्थला हे मस्त चालतं. आरएसीला मात्र दोघांना परवानगी हवी आणि हा कन्स्ट्रेंट दोनपर्यंत मोजत नाही. मग कोणीतरी सुचवतं की आरएसी बर्थ टेबलात दोन सीट म्हणून ठेवू, अ आणि ब, प्रत्येकीला तोच कन्स्ट्रेंट. हुशार आयडिया आहे. आता ॲलॉयला चेक करायला सांगा, टप्प्यावर जास्तीत जास्त दोघं हा जुना नियम आणि प्रत्येक सीटवर एक हा नवा नियम, जुना ज्याला जागा देतो त्याला नवा पण देतो का? लगेच उलटं उदाहरण. पहिला मुंबई ते कल्याण, त्याला सीट अ. दुसरा पुणे ते सोलापूर, त्याला सीट ब. तिसरा पूर्ण मुंबई ते सोलापूर. टप्प्याटप्प्याने मोजलं तर कुठेही दोनच्या वर माणसं नाहीत, पण अ वर सुरुवातीला कोणी आहे आणि ब वर शेवटी, त्यामुळे तिसऱ्याला सलग अशी एकही सीट नाही. दुसऱ्याला ब वरून अ वर सरकवलं तर लगेच बसतं.

म्हणजे आता प्रश्न असा की दिलेली सीट नंतर बदलायला चालते का. प्रवाशाच्या हातात चार्ट लागेपर्यंत फक्त आरएसी नंबर असेल तर चालते, मग आधी सीट द्यायचीच नाही, फक्त टप्प्यांची मोजणी ठेवायची आणि चार्टच्या वेळी अ-ब वाटायचं, आणि टप्प्यावर दोनच असतील तर तेव्हा ते वाटप नक्की जमतं, क्रमाने चढणाऱ्याला रिकामी सीट देत गेलं की झालं. बुकिंगलाच सीट नंबर छापून द्यायचा असेल तर मात्र तिसऱ्याला नाही म्हणावं लागेल, जागा असताना. यातलं काय करायचं ते परत काउंटरवाल्या साहेबांना विचारायला जावं लागणार.